लोकसंख्येचा 'बॉम्ब' फुटलाच नाही!

एस.टी.त बसायला जागा मिळाली नाही, रेशनच्या दुकानातले धान्य संपले, सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीपुढे रांग लागली, की शेजारी उभे असलेले गृहस्थ हमखास म्हणतात, "लोकसंख्याच किती वाढलीय हो! सरकार तरी कुठे कुठे पुरे पडणार?" गृहस्थ जरा शिकलेले आणि खाऊनपिऊन सुखी असतील तर त्यांचे पुढचे वाक्यही ठरलेले असते : "या झोपडपट्टीवाल्यांना एवढी पोरं हवीत कशाला?"

वाचकहो, हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे आणि ऐकून गप्पही बसले आहेत. कारण ते शास्त्रीय वाटते. माणसे वाढतात, जमीन वाढत नाही. मग अन्न पुरणार कसे? हिशेब सरळ आहे. हाच सरळ हिशेब मोठमोठ्या विद्वानांनी मांडला आणि आपल्या देशाचे मरण किती साली होणार, याची तारीखसुद्धा जाहीर केली. त्या तारखेचे पुढे काय झाले, याची शहानिशा करायला हवी.

सन १९६७ मध्ये अमेरिकेत विल्यम आणि पॉल पॅडॉक या दोन भावांचे एक पुस्तक निघाले. एक भाऊ शेतीतज्ज्ञ, दुसरा परराष्ट्र खात्यात नोकरी केलेला. पुस्तकाचे नावच मुळी 'दुष्काळ – १९७५!' असे. १९७५ पर्यंत जगातल्या गरीब देशांत महाभयंकर दुष्काळ पडणार, अमेरिकेचा गहू सगळ्यांना पुरणार नाही, तेव्हा कोणाला वाचवायचे आणि कोणाला मरू द्यायचे हे आताच ठरवा, असा त्यांचा सल्ला होता. रणांगणावर डॉक्टर जखमी सैनिकांची वाटणी करतात. थोडक्या उपचाराने वाचेल तो बाजूला, आणि काही केले तरी वाचणार नाही तो दुसऱ्या बाजूला. पॅडॉक बंधूंनी देशांची अशीच वाटणी केली. पाकिस्तानला धान्य द्यावे असे ते म्हणाले. भारताचे नाव त्यांनी 'वाचवता न येणाऱ्या' देशांत लिहिले.

पन्नास कोटी माणसांचे नाव एका कागदावरून खोडून टाकण्याइतके हे सोपे होते!

पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, पॉल एरलिक यांचे 'द पॉप्युलेशन बॉम्ब' आले. एरलिक हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांचा अभ्यासाचा विषय फुलपाखरे. पुस्तकाच्या लेखनात त्यांच्या पत्नी ॲन यांचा मोठा वाटा होता, पण मुखपृष्ठावर नाव एकट्या पतीचेच छापले गेले. (हेही एक वैश्विक सत्यच म्हणायचे!) मानवजातीला पोसण्याची लढाई आपण हरलो आहोत, १९७० च्या दशकात कोट्यवधी माणसे उपासमारीने मरतील, आता काहीही केले तरी ते टळणार नाही, अशी या पुस्तकाची सुरुवात होती. भारत १९७१ पर्यंत अन्नधान्यात स्वयंपूर्ण होईल असे मानणारा एकही जाणकार आपल्याला भेटलेला नाही, असेही त्यांनी लिहिले. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या.

ही भीती त्यांना कुठे जाणवली, तर दिल्लीत. पत्नी आणि मुलीसह एका उकाड्याच्या रात्री ते टॅक्सीतून हॉटेलकडे निघाले होते. रस्त्यावर खाणारी, धुणारी, झोपणारी, भीक मागणारी माणसेच माणसे पाहून त्यांना लोकसंख्येचा प्रश्न मनातून उमगला, असे ते सांगतात. आता गंमत पाहा. १९६६ च्या सुमारास दिल्लीची लोकसंख्या तीस लाखांच्या आत होती आणि पॅरिसची ऐंशी लाखांच्या आसपास. पण पॅरिसच्या गर्दीने कोणाला कधी भीती वाटली नाही. तिला शहराचे चैतन्य म्हणतात. म्हणजे प्राध्यापक महाशयांनी टॅक्सीच्या काचेतून जे पाहिले ते माणसांचे संख्याबळ नव्हतेच. ती गरिबी होती. घर नाही म्हणून रस्त्यावर झोपलेली आणि मोरी नाही म्हणून नळावर आंघोळ करणारी ती माणसे होती.

परिस्थिती बिकट नव्हती असे मात्र कोणी समजू नये. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. बिहारमध्ये दुष्काळ पडला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते. ज्यांच्या घरी आठवड्यातून चार वेळा चूल पेटत नव्हती त्यांना सोमवार काय आणि मंगळवार काय! १९६६ साली देशाने एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात केले, त्यातले बहुतेक 'पीएल ४८०' या अमेरिकी कायद्याखाली आलेले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन धान्याची जहाजे मुद्दाम थोडी थोडी सोडत. जहाज बंदराला लागले की धान्य थेट रेशनच्या दुकानात आणि तिथून ताटात. लाल मिलोची भाकरी आपल्या आजी-आईंनी थापलेली आहे. तिची चव विचारली तर अजूनही त्या तोंड वाकडे करतात.

मग १९७५ चे भाकीत खोटे कसे ठरले? दैवी चमत्काराने नव्हे. त्याच्यामागे कार्यकारणभाव आहे.

मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी बुटक्या गव्हाच्या जाती तयार केल्या होत्या. जुना गहू उंच वाढे. खत जास्त दिले की ओंबी जड होऊन ताट आडवे पडे. बुटका गहू खत पचवून उभा राहतो. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम आणि शास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांनी आग्रह धरला आणि १९६६ मध्ये मेक्सिकोहून अठरा हजार टन बियाणे आणले गेले. १९६४-६५ साली देशात सव्वा कोटी टनांच्या आत गहू पिकला होता. १९६७-६८ मध्ये तो साडेसोळा लाखांच्या दहापट, म्हणजे एक कोटी पासष्ट लाख टन झाला, आणि १९७०-७१ मध्ये दोन कोटी अडतीस लाख टन. १९६८ च्या हंगामात पंजाबात गहू ठेवायला जागा पुरेना म्हणून शाळा बंद करून वर्गांत पोती रचली. म्हणजे एरलिक यांचे पुस्तक अमेरिकेतल्या दुकानांत मांडले जात होते, त्याच वर्षी इथे बाके बाहेर काढून गहू आत ठेवला जात होता! त्या वर्षी पोस्ट खात्याने गहू क्रांतीचे तिकीटही काढले.

आपल्याकडे महाराष्ट्रात गव्हाचे कौतुक तसे कमीच. इथे आली ती ज्वारी. 'सीएसएच-१' हा ज्वारीचा पहिला संकरित वाण १९६४ मध्ये प्रसारित झाला आणि खेड्यापाड्यांत त्याचे नाव पडले 'हायब्रीड'. हायब्रीडची भाकरी मालदांडीसारखी गोड नाही, पावसात सापडले तर कणीस काळे पडते, या तक्रारी खऱ्या आहेत. पण मजुरीत ज्वारी घेणाऱ्या घरांना पोटभर भाकर मिळाली ती या हायब्रीडची.

तरीही केवळ बियाण्याने माणसे वाचली असे म्हणणे अर्धसत्य होईल. खरी कसोटी लागली १९७२ साली. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना त्याविषयी वेगळे सांगायला नको. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने गेली, शेतात पेरलेले उगवले नाही. पॅडॉक बंधूंचे १९७५ साल अगदी तोंडावर आले होते. हिशेबाप्रमाणे महाराष्ट्रात लाखो माणसे मरायला हवी होती.

तसे घडले नाही. सरकारने दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते, खडी फोडणे अशी ती कामे होती. मे १९७३ मध्ये रोज सुमारे पन्नास लाख माणसे या कामांवर होती आणि त्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. मूल सावलीला झोळीत टाकायचे आणि दिवसभर घण मारायचे. कामावर सुकडी मिळे. मजुरी वेळेवर मिळेना तेव्हा मजुरांनी मोर्चे काढले, तहसील कचेऱ्यांना घेराव घातले. इकडे मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका हातात लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. हे दान नव्हते. लोकांनी मागून, भांडून मिळवलेले काम होते. धान्य कमी होतेच. पण हातात मजुरी आली म्हणून जे होते ते विकत घेता आले. याच अनुभवातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा १९७७ मध्ये कायदा झाला आणि २००५ साली केंद्राने केलेल्या रोजगार हमीच्या कायद्याला हाच धडा उपयोगी पडला.

याच्या उलट उदाहरण बंगालचे. १९४३ मध्ये तिथे तीस लाखांपर्यंत माणसे मेली असा अंदाज आहे. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की त्या वर्षी बंगालमध्ये धान्य आधीच्या काही वर्षांपेक्षा फारसे कमी नव्हते. युद्धाच्या महागाईत भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर यांची मजुरी तांदळाच्या भावाला पुरेनाशी झाली. बांगलादेशात १९७४ मध्ये दुष्काळाने माणसे मेली; ते वर्ष तर दरडोई धान्याच्या बाबतीत आजूबाजूच्या वर्षांहून चांगले होते. कोठारात धान्य असणे आणि ताटात धान्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात हजारो वर्षे गावाबाहेर राहिलेल्या माणसाला हे सांगायला नोबेल पारितोषिक लागत नाही, पण विद्वानांनी सिद्ध केले हे बरे झाले.

या सगळ्या भाकितांचे मूळ पुरुष थॉमस माल्थस. या इंग्रज पाद्र्याने १७९८ मध्ये निनावी पुस्तक काढून सिद्धांत मांडला की लोकसंख्या दुपटी-दुपटीने वाढते आणि अन्न मात्र बेरजेने. त्या काळी सगळ्या जगाची लोकसंख्या शंभर कोटींच्या आसपास होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती आठशे कोटींवर गेली, आणि दरडोई अन्न त्या वेळेपेक्षा जास्तच आहे. माल्थसची आपल्याशी गाठ आहे ती अशी : १८०५ पासून मरेपर्यंत ते ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी येथील कॉलेजात प्राध्यापक होते. हिंदुस्थानात राज्य करायला येणारे गोरे साहेब तिथे शिकत. दुष्काळ हा लोकसंख्येला निसर्गाने घातलेला लगाम आहे, हा विचार कारभारात मुरला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यासह देशात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. तेव्हा गव्हाची निर्यात चालूच होती आणि व्हाइसरॉय लिटन लोक अन्नापेक्षा वेगाने वाढतात असे सांगत होते. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. त्याच १८७७ साली महात्मा जोतीराव फुले धनकवडीला दुष्काळात सापडलेल्या मुलांच्या जेवणाची सोय करीत होते आणि त्यासाठी लोकांकडे मदत मागत होते.

साधनसंपत्ती संपण्याची भाकितेही अशीच. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये इशारा दिला की ब्रिटनचा कोळसा आवाक्याबाहेर जाऊन देशाची भरभराट थांबेल. ब्रिटनने कोळशावरचे आपले शेवटचे वीजकेंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद केले, पण ते कोळसा संपला म्हणून नव्हे. या जेव्हन्स साहेबांना कागदाच्या टंचाईचीही धास्ती होती. त्यांनी घरात इतका कागद साठवून ठेवला की त्यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनीही मुलांना तो संपवता आला नव्हता. आपल्याकडे साखर महागणार म्हटल्यावर जे होते, तेच!

१९८० मध्ये ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने एरलिक यांना पैज लावायला सांगितले. एरलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबे, क्रोमियम, निकेल, कथील व टंगस्टन हे पाच धातू निवडले, प्रत्येकी दोनशे डॉलरचे. दहा वर्षांत महागले तर सायमन हरले, स्वस्त झाले तर एरलिक. त्या दहा वर्षांत जगात ऐंशी कोटी माणसे वाढली आणि महागाई वजा जाता पाचही धातू स्वस्त झाले. ऑक्टोबर १९९० मध्ये एरलिक यांनी ५७६ डॉलर ७ सेंटचा चेक पाठवून दिला. टेलिफोनच्या तांब्याच्या तारांची जागा काचेचे तंतू घेऊ लागले होते, कथलाचा भाव कृत्रिमपणे धरून ठेवणारा व्यापारी करार १९८५ मध्ये कोसळला होता. सायमन यांचे नशीबही थोडे जोरावर होते. दुसरे एखादे दशक निवडले असते तर पैज उलटही गेली असती. म्हणून 'काही संपतच नाही' असे म्हणणाऱ्यांच्या नादीही लागण्याचे कारण नाही. पंजाबात भात-गव्हासाठी उपसलेल्या भूजलाची पातळी दरवर्षी खाली जाते आहे, आणि मराठवाड्यातल्या टँकरपुढे घागरी घेऊन कोण उभे असते ते आपण पाहतोच.

पण फसलेल्या भाकिताची किंमत कोणी मोजली, हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. भाकीत करणाऱ्यांचे काही बिघडले नाही. त्यांना व्याख्यानांची आमंत्रणे येत राहिली. तीन किंवा अधिक मुले असलेल्या भारतीय पुरुषांची सक्तीने नसबंदी व्हावी, अमेरिकेने त्यासाठी हेलिकॉप्टर, वाहने आणि शस्त्रक्रियेची साधने पुरवावीत, असे एरलिक यांनी लिहिले होते. आणीबाणीत हे इथे प्रत्यक्षात आले. १९७६-७७ या एका वर्षात ब्याऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी सुमारे बासष्ट लाख पुरुषांच्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना 'केसेस'चा कोटा ठरवून दिला होता. कोटा भरायला कोण सापडणार? बंगल्यातला साहेब नव्हे. सापडला तो रस्त्यावरचा हमाल, भूमिहीन मजूर, झोपडपट्टीतला माणूस. दलित, आदिवासी, मुस्लिम यांच्या वस्त्या हेरल्या गेल्या. शहा आयोगाने नसबंदीशी संबंधित सतराशेहून अधिक मृत्यूंची नोंद केली. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही.

इथे कोणी म्हणेल, मग बाबासाहेब संततिनियमनाच्या बाजूचे नव्हते काय? होते, आणि ठामपणे होते. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर १९३४ मध्ये खटला झाला तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यावरचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. त्यात गरिबीचा मुद्दा होताच. पण त्याचबरोबर बाळंतपणात खचणाऱ्या, मरणाऱ्या स्त्रीचा प्रश्न होता. जिला मूल नको आहे तिला ते टाळण्याची मोकळीक असावी, निर्णय सर्वस्वी स्त्रीच्या इच्छेवर असावा, असे त्यात म्हटले आहे. ठराव फेटाळला गेला. त्याच्याही वीस वर्षे आधी, १९१८ साली, शेतीच्या तुकड्यांवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवले होते की जमिनीवर रिकामे हात फार आहेत आणि भांडवल फार थोडे. त्या हातांना उद्योगधंद्यात काम देणे हा उपाय आहे. बाबासाहेबांनी उपाय सांगितला तो हातांना काम देण्याचा. हात कमी करा, असे ते म्हणाले नाहीत. स्त्रीच्या हाती निर्णय देणे आणि पोलिसाच्या हाती देणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आणि जन्मदर घटला तो कशाने? १९७१ मध्ये देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके वर्षाच्या आत मरत. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. जन्मलेले मूल जगेल अशी खात्री वाटू लागली, मुली शाळेत जाऊ लागल्या, लग्नाचे वय वाढले, तशी मुले कमी झाली. १९५० च्या दशकात एका स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ती सरासरी दोनवर आली, महाराष्ट्रात तर १.७ वर. आपल्याच घरात मोजून पाहा : आजीची भावंडे किती, आईची किती, आणि आपल्या मुलांना भावंडे किती? लोकसंख्या आणखी काही वर्षे वाढेल, ती आज तरुण असलेल्या माणसांची संख्या मोठी आहे म्हणून.

ओझे मात्र सरकून बाईच्या अंगावर आले. आणीबाणीनंतर पुरुषांच्या नसबंदीचे नाव काढायला राज्यकर्ते घाबरू लागले. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ ३८ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण होते ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया त्याहून सोपी, टाक्याविना होणारी, हे माहीत असूनही! नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि त्या दिवसांत डझनाहून अधिक स्त्रिया दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

धान्याचे म्हणाल तर १९६६-६७ मध्ये देशात साडेसात कोटी टनांच्या आत धान्य झाले होते, २०२२-२३ मध्ये सुमारे ३३ कोटी टन. माणसे तिपटीच्या आत वाढली, धान्य चौपटीहून अधिक. तरीही २०१९-२१ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता आणि पाच वर्षांखालच्या तीन मुलांमागे एकाहून अधिक मुलाची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. २००१ मध्ये सरकारी गोदामे भरून वाहत असताना राजस्थानात माणसे उपाशी होती, म्हणून नागरी हक्क संघटनेला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. एप्रिल २००४ मध्ये त्याच खटल्यात आणखी एक आदेश निघाला : हे जेवण शिजवण्याच्या कामावर दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे. त्यानंतर देशातल्या किती तरी गावांत पालकांनी मुलांना ताटावरून उठवून नेले. धान्य आले होते, चूल पेटली होती, डाळ-भात शिजला होता. फक्त तो आपल्या एका भगिनीने शिजवला होता.